कोणाकडून आलं?

बाळाच्या गुणसूत्रांच्या रिपोर्टात अगदी तळाशी एक ओळ असते: ‘आईवडील दोघांचीही कॅरिओटाइप तपासणी करून घ्यावी.’ ती वाचायचं त्राण बहुतेक घरांत उरलेलं नसतं. वर ‘डिलीशन’ असं छापलेलं असतं, कुठल्यातरी सिंड्रोमचं नाव असतं, आणि पुढचं सगळं गूगलने आधीच सांगून टाकलेलं असतं. तळाची ओळ म्हणजे लॅबने आणखी एक बिल काढायची केलेली सोय, असंही कोणी बोलून दाखवतं. माझं म्हणणं उलट आहे. त्या ओळीवर अंमल होईपर्यंत बाळाचा रिपोर्ट अर्धाच हातात आलेला असतो.

*

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, २३ जोड्या. हे शाळेपासून इतकं पाठ झालेलं असतं की १९५६पर्यंत जगात कोणालाच हा आकडा नीट ठाऊक नव्हता यावर विश्वास बसत नाही. त्याआधी तीसेक वर्षं सगळे ४८ म्हणत होते. स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्यियो आणि आल्बर्ट लेवान यांनी ४६ मोजली. तीन वर्षांत पॅरिसहून डाउन सिंड्रोममधलं ४७वं गुणसूत्र जाहीर झालं. मोजणी बरोबर यायला लागल्यावर मग खरी अवघड प्रकरणं समोर आली. आकडा ४६च, आणि तरीही घोळ.

*

ट्रान्सलोकेशन म्हणजे काय, तर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या गुणसूत्रांची टोकं तुटतात आणि सांधताना एकमेकांना लागतात. गहाळ काही झालेलं नाही, वाढलेलंही काही नाही. अशा माणसाला ‘बॅलन्स्ड कॅरियर’ म्हणतात. जनुकं सगळी शाबूत, फक्त काही भलत्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली. तुटण्याची जागा नेमकी एखाद्या जनुकाच्या मधोमध आली तर गोष्ट वेगळी, पण तसं क्वचित होतं. एरवी हा माणूस शाळा शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो. हिमोग्लोबिनपासून थायरॉइडपर्यंत त्याच्या कुठल्याही तपासणीत काही वावगं दिसत नाही.

सुमारे ५०० माणसांत असा एक. दोन हजार वस्तीच्या गावात सरासरी चार. चौघांनाही ठाऊक नाही.

*

हिशेब बिघडतो तो बीज तयार होताना. उदाहरणापुरती ११ आणि २१ क्रमांकाची गुणसूत्रं घेऊ. कॅरियरकडे ११चं एक मूळ आणि एक बदललेलं, २१चंही एक मूळ आणि एक बदललेलं. अर्धगुणसूत्री विभाजनात प्रत्येक जोडीतलं एकेक बीजात उतरतं.

मूळ ११, मूळ २१: मूल नेहमीसारखं.
बदललेलं ११, बदललेलं २१: मूल कॅरियर, आईसारखं किंवा बापासारखं.
बदललेलं ११, मूळ २१: ११चं टोक नाही, २१चं टोक जादा.
मूळ ११, बदललेलं २१: नेमकं उलटं.

तिसऱ्या ओळीतल्या मुलाच्या रिपोर्टात ११च्या लांब भुजेचं डिलीशन येईल. आईत ते नाही, बापातही नाही. जे दोघांकडेही नव्हतं ते मुलाकडे वारशाने कसं आलं, हा प्रश्न ऐकायला कोड्यासारखा वाटतो. या चार ओळी कागदावर मांडल्या की कोडं राहत नाही. समुपदेशनाच्या खोलीत मी दोन रंगांची स्केचपेनं ठेवते ती एवढ्यासाठीच.

(चारांखेरीज आणखीही वाटण्या होतात, तीन एकीकडे आणि एक दुसरीकडे अशासुद्धा. त्यांतल्या बहुतेक गर्भ टिकू देत नाहीत.)

*

हे आधी स्वच्छ दिसलं ते मक्यात. १९३०मध्ये बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की अदलाबदल झालेली दोन गुणसूत्रं आणि त्यांचे दोन मूळ जोडीदार विभाजनाच्या वेळी चौघं मिळून एक फुली तयार करतात. अशा झाडाचे निम्म्याच्या आसपास परागकण वांझ निघतात आणि कणसातले निम्मे दाणे भरतच नाहीत. वनस्पतीत असंतुलित बीज तिथल्या तिथे मरतं आणि शेतात विरळ दाण्यांचं कणीस दिसतं.

माणसात ही गाळणी नाही. असंतुलित शुक्रजंतू पोहत पोचतो, असंतुलित बीजांड फळतं, दिवस राहतात. निकाल नंतर लागतो. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, कधी सोनोग्राफीच्या टेबलावर, कधी बाळ हातात आल्यावर. लागोपाठ गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरात तीन-चार जोडप्यांत दोघांपैकी एकाकडे अशी अदलाबदल सापडते.

*

पॅरिस, १९६३. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन मुलांची नोंद छापली. तिघांच्याही पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा नव्हता. तान्हेपणीचं त्यांचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं होतं, त्यामुळे ‘क्री द्यू शा’ हे फ्रेंच नावच जगभर रूढ झालं. स्वरयंत्राची घडण वेगळी असल्याने तो बारीक, चढ्या पट्टीतला आवाज येतो. मूल मोठं होतं तसा अनेकांचा तो आवाज जातो. म्हणून दोन वर्षांचं मूल दाखवायला आणलं तर ही खूण हाती लागेलच असं नाही. नवजात कक्षातली जुनी सिस्टर मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवशीच म्हणते, ‘डॉक्टर, ह्याचं रडणं वेगळं आहे.’ तिचं ऐकावं.

पुढच्याच वर्षी, १९६४मध्ये, त्याच गटाने एका कुटुंबाविषयी लिहिलं. तिथे ५ आणि १३ या गुणसूत्रांतली अदलाबदल घरात वारशाने चालत आलेली होती. त्या एकाच घराण्यात ५च्या आखूड भुजेचा तुकडा कमी असणं होतं आणि तोच तुकडा जादा असणंही होतं. वर लिहिलेली तिसरी आणि चौथी ओळ, एका छपराखाली.

*

क्री द्यू शाच्या दहा मुलांपैकी साधारण एकाच्या बाबतीत आई किंवा वडील कॅरियर निघतात. बाकीच्यांत डिलीशन नव्याने झालेलं असतं. आणि नव्याने झालेलं डिलीशन बहुतेकदा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर असतं. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्याने म्हणते, कारण खोलीत बसलेल्या सगळ्यांच्या नजरा तोवर बाळंतिणीवर असतात. मग लगेच हेही सांगावं लागतं की वडिलांनी काही केलं म्हणून हे झालेलं नाही.

*

रक्त कोणाचं आणतात? ‘दोघांचं’ असं ठळक लिहून दिलं तरी पुष्कळदा नळी एकच येते. आईची. ‘त्यांना रजा नाही मिळाली.’ ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही.’ आईची तपासणी नॉर्मल आली की मग कुरकुरत बाबांची नळी येते. त्यात पंधरा-वीस दिवस जातात, कधी तेवढ्यात पुन्हा दिवस राहिलेले असतात. ट्रान्सलोकेशन बाईला आणि पुरुषाला सारखंच होतं. पुरुषाच्या बाबतीत कधी त्याने शुक्रजंतूंची संख्याही घटते, एवढाच फरक.

*

डेन्मार्क, १९७३. पेट्रिया जेकबसन आणि सहकाऱ्यांनी ‘ह्युमन हेरेडिटी’ या नियतकालिकात एक कुटुंब मांडलं. ११ आणि २१ यांच्यातली अदलाबदल चार पिढ्या चालत आलेली, आणि काही मुलांत ११च्या लांब भुजेचं टोक नाही. आज या अवस्थेला जेकबसन सिंड्रोम म्हणतात. सुमारे लाखात एक मूल. निम्म्यांच्या आसपास मुलांच्या हृदयात जन्मजात दोष. जवळपास सगळ्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट जन्मतः कमी किंवा बिघडलेल्या. वर्षं जातात तसा प्लेटलेटचा आकडा पुष्कळांत नॉर्मलला येतो, पण त्यांचं काम अधूच राहतं. अशा मुलाचं साधं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं तरी भूल देणाऱ्याला हे आधी माहीत हवं. सिंड्रोमला नाव असण्याचा उपयोग हा. पुढे कुठे लक्ष ठेवायचं ते नावावरून कळतं.

*

‘चार पिढ्या’ हे शब्द वाचून मी आपल्याकडच्या वंशवेलींचा विचार करते. वंशवेल काढायला कागद घेतला की आधी सगळे ‘काही नाही’ म्हणतात. अर्ध्या तासाने आजी बोलायला लागते. तिची दोन ‘टिकली नाहीत’. तिच्या नणंदेचं एक ‘पोटातच गेलं’. चुलत सासऱ्यांना एक मुलगा होता, ‘चालायचा नाही, बोलायचा नाही, पण सगळं समजायचं त्याला’, तो सहाव्या-सातव्या वर्षी गेला. तेव्हा गोवर होता, जुलाब होते, न्यूमोनिया होता, धनुर्वात होता. तान्ही मुलं इतकी जायची की त्यात एखादं गुणसूत्रांमुळे गेलं हे वेगळं काढणार कोण? आता लसी आहेत, नवजात कक्ष आहेत. मुलं जगतात, आणि घराण्यात तीन पिढ्या दबून राहिलेली गोष्ट दिसू लागते.

*

कॅरिओटाइपचा प्रयोगशाळेतला क्रम, अगदी थोडक्यात. रक्त हिरव्या टोपणाच्या, हेपॅरिनच्या नळीत. जांभळ्या टोपणाच्या नळीत दिलं तर पेशी वाढवणं कठीण जातं. पांढऱ्या पेशी पोषक द्रावणात ७२ तास वाढवायच्या. मग कोल्चिसिनसारखं औषध घालून विभाजन ऐन मध्यावर अडवायचं, कारण गुणसूत्रं आखूड, जाड आणि सुटी दिसतात ती तेव्हाच. मग सौम्य क्षाराच्या पाण्याने पेशी फुगवायच्या. मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडने त्या स्थिर करायच्या. थेंब काचपट्टीवर सोडायचे. ट्रिप्सिन लावून गिम्सा रंग द्यायचा, म्हणजे गुणसूत्रावर काळे-पांढरे पट्टे उठतात. मग एकेक पेशी शोधून जोड्या लावत बसायचं.

हे पट्टे १९७०च्या आसपास आले, त्याआधी गुणसूत्रं एकरंगी दिसत. लेज्यून यांनी १९६३ साली पाचव्याचा तुकडा पट्ट्यांशिवाय ओळखला, हे लक्षात आलं की सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं.

रिपोर्ट हातात यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे पुष्कळदा बारशाच्या आगेमागे.

*

आता बाळाची पहिली तपासणी म्हणून मायक्रोॲरे सांगतात, आणि ते योग्यही आहे. पट्ट्यांच्या पद्धतीत पाच-दहा दशलक्ष अक्षरांहून लहान तुकडा नजरेतून सुटतो, ॲरेला तो सापडतो. पण ॲरे फक्त प्रमाण मोजतो, जागा सांगत नाही. किराणा दुकानातल्या काट्याला वजन कळतं, माल कुठल्या पोत्यातला ते कळत नाही, तसं. बॅलन्स्ड कॅरियरचं वजन बरोबर भरतं, म्हणून आईवडिलांचा ॲरे केला आणि ‘नॉर्मल’ आला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आईवडिलांना कॅरिओटाइपच हवा. टोकं फार लहान असतील तर फिश, म्हणजे बाळात सापडलेल्या तुकड्यापुरती चमकत्या खुणेची तपासणी.

खूणगाठ बांधायची ती अशी: बाळाच्या ॲरेमध्ये एका गुणसूत्राचं टोक कमी आणि दुसऱ्याच गुणसूत्राचं टोक जास्त असं जोडीने आलं, तर आईबापांत अदलाबदल असल्याचा संशय पहिला. एकच तुकडा कमी असेल तर संशय कमी, पण संपलेला नाही.

*

वुल्फ-हिर्शहॉर्न सिंड्रोम: चौथ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचं टोक नाही. १९६१मध्ये कूपर आणि हिर्शहॉर्न यांनी पहिली नोंद केली. १९६५मध्ये जर्मनीत वुल्फ यांचा आणि हिर्शहॉर्न यांचा असे दोन लेख एकाच नियतकालिकात आले, म्हणून दोघांचं नाव. सुमारे ५० हजारांत एक मूल. वजन कमी, दूध ओढता येत नाही, फिट्स. भुवयांच्या मधून सरळ खाली येणारं रुंद नाक, त्यामुळे चेहरा प्राचीन ग्रीक योद्ध्याच्या शिरस्त्राणासारखा असं पुस्तकांत लिहितात.

यात ४ आणि ८ यांच्यातली एक ठरावीक अदलाबदल वेगवेगळ्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या कुटुंबांत पुन्हा पुन्हा सापडते. वास ओळखणाऱ्या जनुकांचे जवळपास सारखे पुंजके या दोन्ही गुणसूत्रांवर आहेत. सारखेपणामुळे विभाजनाच्या वेळी गफलत होते. दोन्ही टोकं इतकी लहान आणि फिकट असतात की साध्या कॅरिओटाइपमध्ये कॅरियर आई नॉर्मल दिसू शकते. ‘आईवडील नॉर्मल’ या शब्दांपुढे कुठल्या तपासणीने नॉर्मल, ते लिहायला हवं.

*

मिलर-डीकर सिंड्रोमची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडते. मेंदूवर वळ्याच नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत. १९६३मध्ये मिलर यांनी आणि १९६९मध्ये डीकर यांनी भावंडांत ही अवस्था नोंदवली. आईवडील धडधाकट, भावंडं दोन-तीन बाधित, म्हणजे हा अप्रभावी जनुकाचा आजार, चारात एक जोखीम, असं सगळ्यांनी धरून चालवलं. १९८३मध्ये डोबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा मुलांत १७व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचं टोक नसल्याचं दिसलं. मग कळलं की भावंडांत परत परत उगवणाऱ्या काही घरांत आई किंवा वडील ट्रान्सलोकेशनचे कॅरियर होते.

फरक केवळ आकड्याचा नाही. अप्रभावी जनुकाचा आजार असता तर वडिलांच्या भावाने काळजी करायचं फारसं कारण नव्हतं, त्याची बायको दुसऱ्या घरची. ट्रान्सलोकेशन असेल तर तो भाऊ स्वतः कॅरियर असू शकतो, आणि मग त्याची बायको कोण यावर काही अवलंबून नसतं. चुकीच्या निदानाने एका जोडप्याला चुकीचा आकडा मिळाला असेल. बाकीच्या नातेवाइकांना तर काहीच मिळालं नाही.

*

नेहमी येणारे प्रश्न, आणि उत्तरं.

‘मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून?’ नाही. नात्यातल्या लग्नाने अप्रभावी जनुकांच्या आजारांची जोखीम वाढते, ट्रान्सलोकेशनचा त्याच्याशी संबंध नाही.

‘ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली.’ नाही. ही अदलाबदल झाली तेव्हा कदाचित तुमची आईसुद्धा जन्मलेली नव्हती.

‘सहाव्या महिन्यात ताप आला होता, गोळ्या घेतल्या.’ नाही. गर्भ राहिला त्या क्षणी हे ठरलेलं होतं.

‘रक्त बदलून, औषधाने बरं होईल?’ नाही. पण मूल शिकेल, वाढेल, त्याच्या गतीने.

‘कोणाकडून आलं?’ इथे मी थोडी थांबते. हाच प्रश्न मीही विचारत असते, दोन्ही नळ्या त्यासाठीच मागवल्या. लॅबला उत्तर हवं असतं ते पुढच्या बाळासाठी, भावंडांसाठी. घराला पुष्कळदा हवं असतं ते कोणाला तरी बोल लावायला. शब्द तेच, म्हणून उत्तर द्यायचं ते दोघांना समोरासमोर बसवून. सासूबाईंच्या हातात पाकीट देऊन नाही.

*

जोखमीचे आकडे. दोघांचाही कॅरिओटाइप नॉर्मल आणि डिलीशन नव्याने झालेलं: पुन्हा तसंच होण्याची शक्यता सहसा एक टक्का किंवा त्याहून कमी. पूर्ण शून्य म्हणत नाही, कारण क्वचित आईच्या किंवा वडिलांच्या बीजपेशींपुरताच काही पेशींत दोष असू शकतो आणि तो रक्तात दिसत नाही. एक पालक कॅरियर: प्रत्येक कुटुंबाचा आकडा निराळा, काहींत एक-दोन टक्के, काहींत वीसच्या घरात. तुटण्याच्या जागा कुठल्या, तुकडे केवढे, आणि हे घर आपल्यापर्यंत कशामुळे पोचलं, यावर तो ठरतो. गर्भपातांमुळे सापडलेल्या घरापेक्षा असं मूल जन्मल्यामुळे सापडलेल्या घरात जोखीम जास्त धरतात, कारण असा असंतुलित गर्भ नऊ महिने टिकू शकतो हे तिथे सिद्धच झालेलं असतं.

*

त्यातून एक उफराटी गोष्ट निघते. तुकडा मोठा असेल तर ते घर गर्भपातांनी हैराण होतं, पण बाधित मूल जन्मत नाही. तुकडा लहान असेल तर गर्भपात फारसे होत नाहीत, आणि बाधित मूल जन्माला यायची शक्यता वाढते. अदलाबदल लहान म्हणून चिंता लहान, असं नसतं.

*

पुढच्या वेळेचे मार्ग. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशी घेऊन तपासणी, किंवा सोळाव्या आठवड्यापासून गर्भजलाची. घरातली अदलाबदल आधीच माहीत असेल तर नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक असतं आणि फिशने काही दिवसांत उत्तर मिळतं. आयव्हीएफ परवडत असेल तर गर्भाचं रोपण करण्याआधीच त्याच्या पेशी तपासता येतात. डबल मार्कर यासाठी नाही. आईच्या रक्तावरची एनआयपीटी मुख्यतः १३, १८, २१ यांच्या संख्येसाठी, लहान टोकांबाबत तिच्यावर विसंबू नये. काहीजण काहीच तपासायचं नाही असं ठरवतात. तोही मार्गच आहे, आणि तो सांगतानाही माझा आवाज बदलता कामा नये.

कायद्याचं भान: गर्भलिंग निवडीविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. गुणसूत्रांच्या दोषांसाठी गर्भाची तपासणी या कायद्यात बसते, लिंग सांगणं बसत नाही. म्हणून गर्भजलाच्या रिपोर्टात लिंगगुणसूत्रांची जोडी उघड करत नाहीत. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गंभीर व्यंग असेल तर निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. आठवडे मोजत बसण्यापेक्षा आईबापांची तपासणी पुढचं बाळंतपण ठरायच्या आधी उरकलेली बरी.

*

एकाच्या रक्तात अदलाबदल सापडली की पुढचा प्रश्न भावंडांचा. कॅरियर पालकाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला ती मिळालेली असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास. आणि इथे घरं मिटून घेतात. बाई कॅरियर निघाली तर माहेरी कळवायचं कसं? धाकट्या बहिणीचं बघतायत. भावाचा साखरपुडा झालाय. ‘आत्ता नको मॅडम, लग्न होऊ दे.’ तिच्या संमतीशिवाय मी तिच्या भावाला फोन करू शकत नाही, करूही नये. मी एक पत्र तयार करून देते. त्यात कोणाचं नाव नाही, फक्त अदलाबदल कुठल्या गुणसूत्रांत आहे आणि कुठली तपासणी करावी एवढंच. ते कधी द्यायचं ते तिने ठरवायचं. काही पत्रं कपाटातच राहत असतील.

*

जन्मलेल्या मुलाकडे परत येऊ. रिपोर्ट आला म्हणून मूल बदललेलं नाही, फक्त आता काय बघायचं ते कळलंय. हृदयाचा इको, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, कान, डोळे. दूध ओढत नसेल तर वाटी-चमच्याने किंवा नळीने. मान सावरण्यापासूनची फिजिओथेरपी, ती पहिल्या महिन्यांतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो पालघरमधूनच. त्यातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच कामासाठी आहेत, पण मोठ्या खाजगी रुग्णालयातून घरी गेलेल्या आईबापांना त्यांचं नावही कोणी सांगितलेलं नसतं. बौद्धिक अक्षमतेचा दाखला, निरामय विमा, शाळेतल्या सवलती या सगळ्यांना अर्ज लागतात. फाइल पहिल्या दिवसापासून नीट लावावी.

१९८०मध्ये घरी वाढलेल्या क्री द्यू शाच्या ६५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधीची पुस्तकं संस्थांमध्ये ठेवलेल्या मुलांवरून लिहिलेली, त्यामुळे फार काळी. घरी वाढलेली, लवकर शिकवायला घेतलेली मुलं त्या पुस्तकांपेक्षा पुष्कळ पुढे गेली होती. बोलण्यापेक्षा त्यांना समजतं जास्त. म्हणून खुणांची भाषा लवकर शिकवावी. जुन्या पानांवरची वाक्यं इंटरनेटवर अजून फिरतात, आईबाप रात्री दोनला तीच वाचतात.

*

पुढच्या खेपेला एखादा रिपोर्ट असा येतो: गर्भात तीच अदलाबदल आहे, बॅलन्स्ड, वडिलांसारखीच. मी हा रिपोर्ट चांगला म्हणून सांगते, आणि समोरचे दचकतात. ‘म्हणजे दोष उतरलाच ना?’ मी वडिलांकडे बोट दाखवते. ‘ह्यांच्यासारखंच होईल. ह्यांच्यात काय कमी आहे?’ वडील बऱ्याच दिवसांनी थोडे ताठ बसतात.

त्या मुलाची पुन्हा तपासणी लहानपणी करायची गरज नाही. सज्ञान झाल्यावर, स्वतःचं मूल हवंसं वाटायच्या आधी त्याला हे कळलं पाहिजे, त्याच्या आईबापांनीच सांगितलं पाहिजे. म्हणून रिपोर्टच्या दोन प्रती काढून द्याव्यात: एक बाळाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये, दुसरी आईबापांच्या कागदपत्रांत, जिथे जन्माचा दाखला ठेवतात तिथेच. प्रतीवर अदलाबदल झालेल्या दोन्ही गुणसूत्रांचे क्रमांक ठळक लिहावेत, आणि खाली मराठीत एक ओळ: ‘मूल होण्याआधी गुणसूत्र-समुपदेशकाला दाखवणे.’